आईच्या फायली उघडताना

माझी आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. डोकं तिचं माझ्यापेक्षा लख्ख चालतं, पण डोळे गेले. समोर कुणी उभं असलं तर त्याच्या कडेकडेचं थोडं दिसतं, मधोमध नुसता राखाडी डाग. भिलाईतल्या स्मृतीनगरच्या आमच्या घरात ती भिंतीला हात लावत फिरते, आणि कोण आलं ते चपलांच्या आवाजावरून सांगते.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आता यावर इलाज नाही असं सांगितलं, तेव्हा तिनं फार काही दुःख केलं नाही. घरी आल्यावर माझ्या बायकोला चहा मांडायला सांगितला आणि मला जवळ बसवून म्हणाली, "डोयाचं झालं ते झालं. माहं पुस्तक मले आता वाचता नाई येनार, तं आयकू तरी दे. कंप्युटरातून काढ ते."

मी सहज "काढतो" म्हणालो. पोलाद कारखान्याच्या कंप्युटर विभागात सगळी नोकरी केलेला माणूस मी. निवृत्तीनंतरही घरात एक जुना सर्व्हर चालू ठेवला होता, घरचे फोटो आणि कागदपत्रं त्याच्यावर ठेवायचो. एक फाइल उघडायला कितीसा वेळ लागणार?

हे पुस्तक म्हणजे काय ते सांगायला हवं. छत्तीसगड नुकतंच वेगळं राज्य झालं होतं, तेव्हाची गोष्ट. वडील कारखान्याच्या कोक ओव्हन भट्ट्यांवरून निवृत्त व्हायच्या बेतात होते आणि आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. कॅम्प-१ या जुन्या मजूरवस्तीत आईच्या ओळखीची एक म्हातारी गेली. भिलाईचा पाया खणला जात होता तेव्हा भंडाऱ्याकडून आलेली, डोक्यावर गिट्टीची घमेली वाहिलेली बाई. मयतीहून आल्यावर आई वडिलांना म्हणाली, की इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नाही, बाई, तू इथं कशी आलीस.

पुढच्या आठवड्यापासून आई वही घेऊन कॅम्पात जायला लागली. स्वतः सातवी शिकलेली. बुद्धविहारात ज्या बायका भेटायच्या त्यांच्या घरी जाऊन बसायची आणि त्या बोलतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायची. कोण मालगाडीतून आली, कोणाचा नवरा आधी येऊन पत्र्याच्या शेडमध्ये राहिला, कुणी पहिल्या पावसाळ्यात चिखलात चूल कशी पेटवली. ती दोन-तीन वर्षं जात राहिली. बेचाळीस बायका झाल्या. नंदिनीच्या चुनखडी खाणीकडच्या तिघी होत्या, त्यांच्यासाठी बसनं जायची.

मी तिला कंप्युटर आणून दिला. अठ्ठावन्न वर्षांची माझी आई दोन बोटांनी मराठी टाइप करायला शिकली. तेव्हा मराठीसाठी छपाईवाल्यांचं एक सॉफ्टवेअर चालायचं, लग्नपत्रिका आणि पत्रकं त्यावरच व्हायची. माझा एक सहकारी त्याची फुकटची कॉपी देत होता. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, चोरीच्या मालावर या बायकांचं लिहायचं नाही. म्हणून मी खरंखुरं विकत घेतलं. त्याच्यासोबत एक लॉक यायचं. अंगठ्याएवढा राखाडी प्लास्टिकचा तुकडा. कंप्युटरच्या मागे प्रिंटरची वायर जिथं लागते तिथं तो लावायचा, तरच सॉफ्टवेअर चालायचं.

पुस्तक छापायचं राहिलं. वडील आजारी पडले, मग गेले, मग क्वार्टर सोडायची वेळ आली. पुढच्या वर्षी करू, असं मीच दर वर्षी म्हणत होतो.

आईनं सांगितल्यावर मी माळ्यावरून तिच्या कंप्युटरचा तो जुना डबा काढला. सुरूच झाला नाही, आतला बोर्ड फुगून गेला होता. पण हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर ती कुरकुर करत फिरली, आणि मी तिची जशीच्या तशी एक नक्कल सर्व्हरवर उतरवून घेतली. आईच्या नावाच्या फोल्डरमध्ये एकेचाळीस फायली होत्या. मी तिला जाऊन सांगितलं, सगळ्या आहेत. तिनं माझ्या हातावर नुसतं थोपटलं.

आता प्रश्न होता, उघडायच्या कशा. ते सॉफ्टवेअर विंडोज ९८ वर चालायचं आणि आजच्या मशीनवर विंडोज ९८ चालत नाही. यावरचा उपाय मला नोकरीपासून ठाऊक होता: आजच्या कंप्युटरच्या पोटात एक खोटा, जुना कंप्युटर उभा करायचा. त्याला वाटतं आपण खरे आहोत, आपल्याला आपली स्वतःची डिस्क आहे, स्वतःचा पडदा आहे. असं करून देणारी सॉफ्टवेअर बरीच मिळतात. त्यातलं कोणतं घ्यायचं, एवढंच ठरवायचं होतं.

सगळ्यात सोपं, लॅपटॉपवर इतर प्रोग्रॅमसारखंच चालणारं मी आधी घेतलं. जुन्या विंडोजशी त्याचं फारसं जमत नव्हतं. रंग सोळाच दिसत, माऊस अडकत अडकत चालायचा. पण तीन-चार दिवसांच्या खटपटीनंतर आईच्या कंप्युटरचा तो हिरवट पडदा माझ्या लॅपटॉपवर उघडला. कोपऱ्यात तिच्या सॉफ्टवेअरचं चित्र होतं. मी त्यावर क्लिक केलं. एक छोटी चौकट आली: लॉक सापडलं नाही. ती बंद केली, की सॉफ्टवेअरही बंद.

मी लॉक शोधायला उठलोसुद्धा. कपाटाचं दार उघडून उभा राहिलो आणि मग आठवलं.

क्वार्टर सोडताना मला घाई होती. प्रिंटर बिघडलेलाच होता, त्याच्या वायरी आणि त्यातलं सटरफटर मी कबाड्याला देऊन टाकलं. तो राखाडी तुकडा त्यातच होता. एवढंच नाही. आईच्या वह्यांचा गठ्ठा पेटीत होता. "आई, सगळं कंप्युटरात आहे, ह्या वह्या आता कशाला?" असं मीच म्हणालो होतो. तिनं थोडा वेळ वह्यांवर हात ठेवला आणि मग "तुले समजते त्यातलं," म्हणून सोडून दिल्या. त्या रद्दीत गेल्या.

मी कपाट बंद केलं. आईला त्या दिवशी काही सांगितलं नाही.

सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. पुस्तिकेवरच्या नंबरावर एका सायकलच्या दुकानदारानं फोन उचलला. मी इंटरनेटवर दिसेल तिथं विचारत सुटलो. शेवटी शेजारच्या दुर्गमध्ये एक गृहस्थ सापडले. पूर्वी त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं आणि तेच सॉफ्टवेअर ते वापरायचे. त्यांच्याकडे त्याच आवृत्तीचं लॉक होतं. मी गेलो तर त्यांनी टेबलाच्या खणातून, जुन्या शिक्क्यांच्या खालून, ते काढून दिलं. परत करायची घाई नाही, म्हणाले. येताना मी दोनदा गाडी थांबवून खिसा चाचपला.

पण लॉक हातात आलं म्हणून भागत नाही. खोट्या कंप्युटरला खरं लॉक लावायचं कुठं? लॅपटॉपला तसलं भोकच नसतं. बाजारात एक वायर मिळते, ती लावून पाहिली. तिच्यातून प्रिंटर चालतो, लॉक चालत नाही. मग मी दुसऱ्या जातीच्या सॉफ्टवेअरकडे वळलो. हे दुसऱ्या कुठल्या विंडोजवर बसत नाही, थेट मशीनचा ताबा घेतं आणि वरच्या खोट्या कंप्युटरांना खरी कार्डं वाटून देऊ शकतं. त्यासाठी मी घरचा सर्व्हर पूर्ण पुसला. त्यातले फोटो, कागदपत्रं आणि डिस्कची नक्कल आधी बाहेर काढली, त्यातच आठवडा गेला. प्रिंटरचं भोक असलेलं एक कार्ड मागवलं आणि सर्व्हरमध्ये बसवलं.

कार्ड खोट्या कंप्युटरला दिलं, तर जुन्या विंडोजला ते ओळखता येईना. ओळखेल असा ड्रायव्हर शोधला. मग कळलं, की आईचं सॉफ्टवेअर लॉकला फक्त एकाच ठरलेल्या जुन्या पत्त्यावर हाक मारतं, आणि नवीन कार्ड त्या पत्त्यावर राहतच नाही. मी पत्ता बदलायचे सगळे मार्ग करून पाहिले. एका मार्गानं पत्ता बदलला. चौकट तीच आली: लॉक सापडलं नाही.

मग तिसरी जात. ही जुन्या मशीनची एकेका चिपची हुबेहूब नक्कल करते, म्हणून फार हळू चालते. यात विंडोज ९८ इतकं छान चालत होतं, की मी बायकोला बोलावून दाखवलं. फक्त यात बाहेरचं खरं काही जोडायची सोयच नव्हती. ती जोडण्यासाठी कुणीतरी लिहिलेला एक तुकडा मिळाला, तो स्वतः जुळवून घ्यावा लागला. मी तोही जुळवला. तीच चौकट.

असे चार महिने गेले. एक सॉफ्टवेअर काढायचं, दुसरं बसवायचं, पहिल्यात काही राहिलं असेल म्हणून परत त्याच्याकडे जायचं. नोकरीत असताना काही बिघडलं, तर निदान दोष कुठं आहे ते आम्ही हेरायचो. इथं तेच कळत नव्हतं. सॉफ्टवेअर चुकीचं निवडलं, का कार्ड, का मीच कुठं काही विसरतोय? जगभरच्या अनोळखी लोकांना विचारलं. ते सभ्यपणे उत्तरं द्यायचे, प्रत्येकाचं वेगळं.

आई रोज विचारायची नाही. पण मी नाश्त्याला बसलो की माझ्या श्वासावरून तिला समजायचं, आणि ती विषय काढायची नाही. ते मला जास्त लागायचं.

एकदा दुर्गच्या त्या गृहस्थांचा फोन आला, कसं चाललंय विचारायला. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, लॉक एखाद्या खऱ्या जुन्या मशीनवर लावून पाहिलं का? कॅम्प-१ मध्ये एका छापखान्यात अजून तसलं मशीन आहे, जुनी पत्रकं काढायला ठेवलेलं. हे मला सुचायला हवं होतं. मी त्याच दुपारी लॉक घेऊन गेलो. छापखानेवाल्यानं स्वतःचं लॉक लावून सॉफ्टवेअर चालू करून दाखवलं. दोन सेकंदांत उघडलं. मग ते काढून माझं लावलं. लॉक सापडलं नाही. पुन्हा त्याचं लावलं, उघडलं.

"ये तो मर गया है भाईसाहब," तो म्हणाला. खणात पडून पडून.

चार महिने मी ज्या निवडीसाठी डोकं फोडत होतो, तिचा काही संबंधच नव्हता. मेलेलं लॉक मी तीन तऱ्हेच्या खोट्या कंप्युटरांना दाखवत बसलो होतो. मी छापखानेवाल्याला विचारलं, त्याच्याच मशीनवर माझ्या फायली उघडता येतील का. त्याच्या मशीनवर सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती होती, आईनं वापरलेल्या दोन्ही आवृत्त्या त्यानंतरच्या. पुढच्या आवृत्तीचं लॉक मागच्या सॉफ्टवेअरला चालायचं, उलट मात्र नाही, म्हणून त्याचं लॉक माझ्या कामाचं नव्हतं. त्यानं दोन-तीन फायली लावून पाहिल्या, मशीन अडकून पडलं. त्याचं काम खोळंबत होतं. मी आभार मानून बाहेर पडलो.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. लॉक मीच फेकलं, तेसुद्धा. ती पलंगावर बसली होती. मला वाटलं रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुले मालूम होतं का तवा?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग कावून रडून राहिला?"

मी रडत नव्हतो. निदान मला तसं वाटत होतं.

त्यानंतर मी सगळ्यात पहिल्या, साध्या सॉफ्टवेअरकडे परत आलो. तिथलं अडखळतं विंडोज ९८ अजून तसंच होतं. फाइल तिच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही तर नाही, म्हणून मी ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली. पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. मग वरचा फॉन्ट बदलून आईचा मराठी फॉन्ट लावला. कचऱ्यातून ओळी दिसायला लागल्या. जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलतीकडे, मधेच चौकोन. पण वाचता येत होतं: "मी आली तवा माह्या अंगावर एकच लुगडं होतं."

त्या दिवशी मी एकामागोमाग सगळ्या फायली उघडल्या. पहिल्या सोळा अशा वाचता आल्या. त्यानंतर मीच तिला सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणून दिली होती, ती फायली दाबून लहान करून ठेवायची. त्या पंचवीस फायलींत कुठलाही फॉन्ट लावला तरी काही दिसत नाही. अजूनही नाही.

सोळा फायली मिळाल्या होत्या. मी त्या आईला वाचून दाखवायला लागलो. रोज सकाळी नाश्त्यानंतर ती डोळे मिटून ऐकायची. जिथं शब्द फुटलेला असायचा तिथं मी थांबायचो, आणि बहुतेक वेळा ती तो सांगायची. कुणाच्या बोलण्याची ढब कशी होती, कोण दर वाक्याला "समजलं का बाई" म्हणायची, हे तिला अजून पाठ होतं. ते काही दिवस चांगले गेले. माझी बायको भाजी निवडता निवडता दारात येऊन बसायची.

मग नववी फाइल आली. आईनं जागा वाचवायला तीत दोन बायकांचं एकत्र टाइप केलं होतं, समोरासमोरच्या पानांवर. दोघी शेजारणी, एका शेडमध्ये राहिलेल्या, दोघी एकाच वर्षी आलेल्या. ते सॉफ्टवेअर मजकूर पानाच्या क्रमानं ठेवायचं नाही. आई जसजशी चौकट काढून लिहायची तसतसा तो आत साठायचा. दुरुस्त्या, मागून घातलेल्या ओळी, सगळं भलत्याच जागी. नावं फक्त मथळ्यात होती आणि मथळे शेवटी जाऊन पडले होते.

मी वाचत गेलो. एकीचा नवरा भट्टीत भाजला आणि वाचला. एकीचं सव्वा वर्षाचं पोर पहिल्या उन्हाळ्यात गेलं, आणि तिनं दुसऱ्या दिवशी घमेलं उचललं, कारण मुकादमानं हजेरी कापली असती. एकीचा पोरगा शिकून रेल्वेत लागला. आई मध्येच म्हणाली, थांब.

"पोर कोनाचं गेलं?"

मी पुन्हा वाचलं. वरच्या ओळी एकीच्या असाव्यात असं वाटायचं, खालच्या दुसरीच्या, आणि मग मधली एक ओळ दोघींनाही लागू पडायची.

"तुला आठवत नाही?"

आई बराच वेळ आठवत राहिली. तिचे ओठ हलत होते. मग म्हणाली, "दोघीबी रडल्या होत्या. एक तिचं सांगता सांगता रडली, अन् दुसरी ते आयकून. आता मले कोन कोन ते नाई सांगता येत."

त्यानंतर आठवडाभर आम्ही तेच करत होतो. मी ओळी वेगवेगळ्या क्रमानं लावून वाचायचो, ती ऐकायची आणि मान हलवायची. मी म्हणालो, अंदाजानं लावू. ती माझ्यावर पहिल्यांदा चिडली. "एकीचं मेलेलं लेकरू दुसरीच्या पदरात टाकू का मी? त्याइनं माह्यावर इश्वास ठेवून सांगतलं होतं."

मी कॅम्पात जाऊन विचारलं. एकीचं घर दुसऱ्याच लोकांनी घेतलं होतं. ते कुटुंब नागपूरकडे गेल्याचं शेजारी सांगत होते, पत्ता कुणाकडे नव्हता. दुसरीची सून भेटली. तिनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. सासूनं तिला आपल्याबद्दल कधी काही सांगितलंच नव्हतं. "ऐसा कोई बच्चा था क्या?" तिनं मलाच विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. परत येताना मला वाटलं, या बाईच्या मनात एक शंका सोडून देण्यापलीकडे आपण इथं काही केलं नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, सुनेला कुठून माहीत असणार, सांगायला फुरसत कुणाला होती.

उरलेल्या फायली आम्ही वाचून संपवल्या. त्या मी नीट टाइप करून काढल्या, आईनं कानानं तपासल्या. सोळा फायलींपैकी पंधराच. कॅम्प-१ मधल्या त्याच छापखानेवाल्यानं त्या छापून बांधून दिल्या, थोड्याच प्रती. एक विहारात ठेवली. एक दुर्गच्या गृहस्थांना दिली, त्यांचं लॉक परत करताना. नववी फाइल आईनं घालू दिली नाही. ती अर्धी घालू, फक्त भाजलेल्या नवऱ्याचं, असंही मी सुचवून पाहिलं. तो तरी कुणाचा, म्हणाली.

त्या पंचवीस फायलींसाठी मी अजून काही ना काही करतो. दाबलेल्या फायली सोडवणारे लोक आहेत म्हणतात. एकानं दोन नमुने मागवले, मी पाठवले, सात-आठ महिने झाले. दरम्यान मी सर्व्हरवर आणखी एक नवं सॉफ्टवेअर बसवून पाहिलं. लॉक नाही तर त्याचा काय उपयोग, हे मला कळतं. तरी बसवलं.

आई आठ-पंधरा दिवसांनी विचारते, उघडल्या का. मी नाही म्हणतो. त्या पंचवीस जणींपैकी ज्या तिला आठवतात त्यांची नावं ती कधी कधी मोजते. परवा तेविसाव्या नावावर थांबली, आणि राहिलेल्या दोघी कोण ते तिला काही केल्या आठवेना. मला विचारलं. फायलींना नुसते आकडे आहेत, मी सांगितलं. मग ती तशीच खिडकीकडे तोंड करून बसून राहिली, आणि मी तिच्याजवळ बसलो.